येथे भविष्य सांगितले जात नाही

पूर्वाच्या लॅपटॉपच्या बॅगेत पत्त्यांचा जोड सापडला, तेव्हा भीमराव मेश्रामांना आधी बरंच वाटलं. मुलगी आयटीत मरमर मरते, कधी रमी खेळत असेल तर खेळू दे. मग त्यांनी पत्ते उलटून पाहिले. बदाम-इस्पिक काही नव्हतं. तलवारी होत्या, काठ्या होत्या, उलटा लटकलेला एक माणूस होता. जुगार असता तर भीमरावांनी समजून घेतलं असतं, पण हे टॅरो होतं, भविष्य बघायचे पत्ते. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच मेश्रामांच्या घरातून भविष्य पंचांगासकट हद्दपार झालं होतं.

"बाबा, हे भविष्यासाठी नसतंच," पूर्वा म्हणाली. "ऑफिसात वर्कशॉप झालं. चित्र बघायचं आणि स्वतःला विचारायचं, मला यात काय दिसतंय. स्वतःला समजून घ्यायला असतं ते."

"स्वतःला ओळखायला पत्ते कशाला? आधार कार्ड आहे ना?"

नागपूरहून येऊन अख्खी नोकरी पुण्यात केल्यामुळे असं बोलणं भीमरावांना आता विनासायास जमत असे. शिवाय येत्या रविवारी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. विषय, 'भविष्य नावाचं दुकान'. वाघोलीला राहायला आल्यापासून सोसायटीने त्यांना पार्किंगच्या तक्रारींपलीकडे कशावरही बोलू दिलं नव्हतं. आयुष्यभराच्या बुद्धिवादाचं चीज करायची ही एकच संधी होती, आणि ती त्यांना गाजवायची होती. पुरावा आयताच हातात आला होता. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल असं त्यांनी ठरवलं, आधी पाहणी, मग निवाडा. पत्ते जप्त झाले.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यशीलाबाई विरजण मागायला आल्या. भीमरावांनी एक पत्ता त्यांच्यापुढे धरला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, दोरीने जखडलेली बाई, भोवती तलवारी.

"वहिनी, यात काय दिसतं? मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

सत्यशीलाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "बाई बांधलीय खरी," त्या हळूच म्हणाल्या. "पण भावजी, पाय मोकळेच आहेत की हिचे!"

एवढं बोलून त्या विरजण तिथेच विसरून गेल्या आणि संध्याकाळी त्यांनी स्कूटर शिकवणाऱ्या क्लासात नाव घातलं. त्यांचे यजमान रंगराव, म्हणजे सोसायटीचे चेअरमन, 'तुला कुठे जायचंय स्कूटरवरून' हा एकच प्रश्न लग्नापासून विचारत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेश्रामांच्या दारात उभे राहिले.

"काय भविष्य सांगितलंत तुम्ही हिला?"

"मी काहीही सांगितलेलं नाही."

"तेच म्हणतेय ती! काही न सांगता सगळं ओळखलं म्हणे!"

आता गैरसमज दूर करणं भाग होतं. भीमरावांनी रंगरावांना आत बसवलं आणि खात्री पटावी म्हणून दुसरा पत्ता दाखवला. काठ्यांची मोळी उचलून वाकलेला माणूस. रंगरावांचा चेहरा पडला.

"हा मीच," ते म्हणाले. "लिफ्ट माझ्या डोक्यावर, पार्किंग माझ्या डोक्यावर, टँकर माझ्या डोक्यावर. आणि याच्याकडे बघा, मोळी खाली ठेव असं सांगणारंही कोणी नाही."

दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चेअरमनचा राजीनामा आला. ऐन मे महिना होता. टँकरवाल्याशी बोलू शकणारे रंगराव हे एकटेच होते, कारण त्यांच्याइतका आवाज सोसायटीत कोणाचाच चढत नसे. संध्याकाळपर्यंत नळ कोरडे पडले, आणि पाणी मेश्रामांच्या भविष्यामुळे गेलं ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली.

भीमरावांनी मग अस्सल पुणेकर करतो तेच केलं. दारावर पाटी लावली. 'येथे भविष्य सांगितले जात नाही. विचारू नये.'

तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. लिफ्ट मेश्रामांच्या दुसऱ्या मजल्यावर थांबू लागली. जो येई तो म्हणे, "नाही नाही, भविष्य नकोच. ते दुसरं, न सांगता जे करता, ते." भीमरावांनी पाटीखाली ओळ वाढवली, 'फक्त चित्रे दाखवली जातात.' त्यामुळे हडपसरहून माणसं येऊ लागली. एकाने तर दाराशी नारळच ठेवला. त्यांच्या पत्नी राधाबाईंनी नारळाची चटणी केली.

"काय करून राहिले तुम्ही?" त्या म्हणाल्या. "दाखवायचे पत्ते थांबवा ना."

"थांबवले तर लोक म्हणतील शक्ती गेली!"

शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवास आले. "साहेब, व्याख्यानाचं कसं करायचं? लोक म्हणतायत, दुकानदारानेच दुकानाविरुद्ध बोलायचं? विषय बदलू या का? 'निरोगी गुडघे' चालेल."

"विषय तोच," भीमराव ताठ बसून म्हणाले. "सगळ्यांसमोर सिद्ध करतो."

रविवारी क्लब हाउस खचाखच भरलं. भीमराव सुरेख बोलले. पत्त्यात काही नसतं, जे दिसतं ते बघणाऱ्याच्या डोक्यातलं असतं, हे त्यांनी ठासून सांगितलं. मग न बघता एक पत्ता ओढून उंच धरला. डोंगरावर उभा असलेला म्हातारा, हातात कंदील.

"कोणीही सांगा, काय दिसतं?"

मागच्या रांगेतून हात वर झाला. राधाबाईंचा. घरचाच साक्षीदार मिळाल्यामुळे भीमराव खूश झाले.

"म्हातारा उंच जाऊन उभा आहे," राधाबाई म्हणाल्या. "साऱ्या जगाला उजेड दाखवून राहिला. चांगलंच आहे ते. पण सोबत कोणी नाही त्याच्या. यानं कधी विचारलंच नाही, बाई, तुला कुठं जायचं आहे म्हणून."

भीमरावांना भाषणाचे पुढचे सगळे मुद्दे पाठ होते, पण त्यांतला एकही या वाक्यानंतर बसेना. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. माईक तोंडाशी होता हे विसरून ते म्हणाले, "राधा, तुला कुठं जायचं आहे?"

"समुद्र पाह्यचा आहे. अजून पाह्यला नाही मी."

टाळ्या पडल्या त्या छत उडेल अशा. भीमरावांनी त्यांतूनही घसा ताणून सांगितलं, "बघा! पत्त्याने काही सांगितलं? हिच्या मनात होतं, ते हिने सांगितलं! चित्राने फक्त विचारलं!"

"बाबा," पहिल्या रांगेतून पूर्वा म्हणाली, "हेच तर मी म्हणत होते."

व्याख्यान गाजलं. रंगराव तिथल्या तिथे पुन्हा चेअरमन झाले, पण लिफ्ट आणि पार्किंग दुसऱ्यांच्या गळ्यात घालून. श्रीनिवास हार घेऊन व्यासपीठावर आले.

"साहेब, पुढच्या रविवारी दुसरा भाग ठेवू या?"

"पुढच्या रविवारी जमणार नाही. मी दिवेआगरला असेन, पाण्यात उभा."

श्रीनिवासांचा आवाज एकदम खाली आला. "हे कुठल्या पत्त्यात दिसलं?"

पुढच्या रविवारी भीमराव खरोखरच दिवेआगरला गुडघाभर पाण्यात उभे होते. जन्मात त्यांनी वर्तवलेलं हे पहिलंच भविष्य, आणि ते तंतोतंत खरं ठरलं, कारण एसटीची तिकिटं राधाबाईंनी स्वतः जाऊन काढली होती.