मापाड्याच्या दाराला पडदा

जगात जागा कमी नसते, जागा भरायची अक्कल कमी असते, असं दगडोबा मापाड्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा. कळमनुरीच्या आडतीत त्याचा जन्म दाणा मोजण्यात चालला होता. पायलीत ज्वारी भरली की तो मापाला कोपरानं हलकासा धक्का द्यायचा. दाणा खाली बसायचा आणि वर आणखी मूठभर मावायची. "माप हलवलं की दाणा बसतो, तसं घर हलवलं की सामान बसतं," असं तो शेटजींच्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकवायचा. हे शहाणपण त्यानं स्वतःच्या घरावर कधी चालवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्याचं घर म्हणजे जलालुद्दीन शिंप्याच्या घराला चिकटलेली एकुलती एक खोली. तिच्यात चूल, जातं, बाज, पेटी, पाटा-वरवंटा, गाडगी-मडकी आणि आडतीतून 'कधीतरी लागतील' म्हणून आणलेली फाटकी पोती. ती कधीतरी कधीच लागली नव्हती. त्याची बायको शालूबाई या पसाऱ्यातून अंग चोरून फिरायची. पहिल्या बाळंतपणाला ती सेनगावाकडं माहेरी गेली, तिथल्या ऐसपैस ओसरीवर पाय पसरून बसली आणि तिला परत जायची आठवणच येईना.

बारशाला दगडोबा गेला तेव्हा सासरे उकंडराव यांनी भरल्या ओसरीत विषय काढला.

"जावईबापू, सागवानी पाळणा मी देतो. पण तो टांगायला तुमच्या घरात जागा कुठं हाय? आधी जागा करा. तवर पोरगी न् लेकरू धाडणार न्हाई."

बायका पदराआड हसल्या. दगडोबाला ते लागलं. त्यानं तिथल्या तिथं पाळणा वितीनं मोजला, लांबी, रुंदी, उंची सगळी, आणि पुढल्या पुनवेला पाळणा घेऊन या, तवर एका खोलीच्या तीन खोल्या करून ठेवतो, असं छातीवर हात मारून सांगितलं. परतीच्या वाटेवर मात्र त्याची छाती भरून आली. घटकाभर मांडीवर घेतलेल्या त्या लेकराचं ओझं अजून हाताला जाणवत होतं. आयुष्यभर वजनमाप करणाऱ्या माणसाला ते किती भरलं असेल, हे काही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर त्यानं कंबर कसली. पैसा खर्चायचा नाही, हे आधीच ठरलं होतं, कारण खर्चायला तो नव्हताच. पोती उसवून त्यानं सुतळी काढली आणि तिची शिंकी विणली. कांदे, लसूण, घोंगडी, वहाणा, जे जे लटकेल ते सगळं आढ्याला लटकवलं. बाजेच्या पायांखाली विटा घातल्या आणि पेटी खाली सरकवली. मग त्यानं आपलं खरं कसब दाखवलं. एका कोपऱ्यात रांजण ठेवला, त्याच्यावर माठ, माठावर मडकं, मडक्यावर गाडगं, गाडग्यावर चिमुकला मोगा, अशी पार आढ्याच्या जवळ जाईल अशी उतरंड रचली. ज्वारी, तूर, शेंगा, मीठ, हळद, सगळ्यात वरच्या मोग्यात तिखट. सगळा संसार एका माणसाच्या जागेत उभा राहिला. शेजारी पाळण्यापुरती जागा सुटली, मोजून, वीतही कमी नाही की जास्त नाही.

फक्त ती काजळलेली गाडगी दिसायला वंगाळ दिसत होती. दगडोबानं पेटीतून शालूबाईचं हिरवं लुगडं काढलं आणि उतरंडीला गुंडाळलं. उरलेला पदर मोग्यावरून टाकला. लांबून पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं.

राहता राहिला रस्त्यावरून दिसणारा पसारा. दिवस लढाईचे, कापडावर सरकारी कंट्रोल. नवं कापड अंगाला मिळत नव्हतं तिथं दाराला कुठून मिळणार? पण शेजारी शिंपी असल्यावर काळजी कसली. जलालुद्दीननं साठवलेली कतरणं त्याला दिली आणि स्वतःच मशीनवर जोडूनही दिली. कुणाच्या शेरवानीचा काळा तुकडा, कुणाच्या लग्नातली जर, कुणाच्या चोळीचा खण, कुणाच्या पायजम्याच्या पट्ट्या. सगळ्या गावाच्या अंगावरचं थोडं थोडं त्या पडद्यात आलं होतं. दगडोबानं तो थेट बाहेरच्या दाराला टांगला.

जलालुद्दीननं दाढी खाजवली. "दगडोबा, पडदा आत टांगा. बाहेरच्या दाराला पडदा म्हंजे घरात गोषा हाय, असं लोक समजतात."

"समजू द्या की. फुकटात येवढी शोभा कुठं मिळते?"

जलालुद्दीन बोलला ते खोटं नव्हतं. त्याची बायको चाँदबी गोषात असायची म्हणून त्याच्या दाराला पडदा होता. देशमुखांच्या घरांनाही असायचा. अशा घरासमोर परक्या पुरुषानं खाकरून उभं राहायचं, पडद्याला हात लावायचा नाही, आतल्या बाईनं पाणवठ्यावर जायचं नाही, ही सगळ्यांना ठाऊक असलेली रीत. म्हणून रोज सकाळी जलालुद्दीन स्वतः कावडीनं पाणी वाहायचा. आणि रोज सकाळी दगडोबा राखुंडीनं दात घाशीत पायरीवर बसून त्याला हसायचा. बाप्या माणसानं पाणी भरणं म्हणजे मापाड्यानं दळण दळण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

पडद्याचा पहिला गुण द्वारकाबाई दूधवालीला आला. ती रोज सरळ चुलीपर्यंत जाणारी बाई. त्या दिवशी दारातच थबकली. आतून दगडोबाचा आवाज येत होता. दिवसभर मापाशी बोलून बोलून त्याला वस्तूंशी बोलायची खोडच लागली होती, आणि आता तो उतरंडीशी बोलत होता.

"अशीच उभी राहा. अजिबात हलू नको. आता हे घर तुझ्याच जिवावर हाय."

द्वारकाबाईच्या हातातली चरवी कलंडली. तेवढ्यात वाऱ्यानं पडदा हलला आणि तिनं कोपऱ्यात पाहिलं. हिरवं लुगडं नेसलेली, पदर डोक्यावरून पार खाली ओढलेली, भिंतीकडं तोंड करून उभी असलेली बाई! इतक्यात दगडोबा बाहेर आला आणि हसतमुखानं म्हणाला, "पुनवेपासून दूध वाढवा. घरात माणूस वाढून राहिलं."

द्वारकाबाईनं मान डोलावली आणि ती उरलेलं दूध वाटायला निघाली. त्या दिवशी गल्लीला दूध थोडं आणि बातमी भरपूर मिळाली. बायको माहेरी बाळंतीण, आणि इकडं दगडोबानं दुसरी केली. तीही गोषातली. मग जो तो काही ना काही निमित्तानं दारावरून जायला लागला. पडदा हलला की बाई दिसायची, सकाळीही उभी, संध्याकाळीही उभी. "कामाची दिसते बाई, बसत म्हणून न्हाई," असं एकीनं कौतुकही केलं. दगडोबाला वाटलं, लोक पडदा पाहायला येतात. त्यानं मशीनवर शिवल्याची खातरी पटावी म्हणून दोघा-तिघांना शिवण दाखवली. लोकांनी ती पाहिली आणि ते खाली मान घालून निघून गेले.

आठवड्याच्या बाजारात ही बातमी सेनगावाकडच्या गाड्यांत चढली. वाटेत ती वाढत गेली. उकंडरावांच्या ओसरीवर उतरली तेव्हा दगडोबाची दुसरी बायको देशमुखाची लेक झाली होती, तिच्याबरोबर दासी आली होती आणि दाराशी घोडं बांधलेलं होतं. शालूबाईनं ऐकून घेतलं, लेकराला दुपट्यात गुंडाळलं आणि बापाला गाडी जुंपायला सांगितलं. पुनवेची वाट पाहायला कुणाला वेळ होता?

गाडी दारात आली तेव्हा दगडोबा आढ्याला पाळण्याच्या कड्या ठोकत होता. चाकांचा आवाज ऐकून तो पडदा सारून बाहेर आला. सासरे, सासू नर्मदाबाई, बायको, लेकरू, पाळणा! त्याला आनंद मावेना. पण उकंडराव रस्त्यावरच, दाराकडं पाठ करून उभे होते. संताप कितीही असो, पडद्याच्या घरात घुसणं त्यांच्यासारख्या रीतीच्या माणसाला जमणार नव्हतं.

"मामा, बाहेर काहून? आत या की."

"आधी तुमच्या मंडळीला आत सरकायला सांगा."

"मंडळी तर तुमच्यासंगंच हाय," दगडोबा गोंधळून म्हणाला.

उकंडरावांनी उपरणं झटकलं आणि पाठ तशीच ठेवली. शालूबाईनं मात्र लेकरू आईच्या हातात दिलं, पदर खोचला आणि नवऱ्याला बाजूला सारून ती आत शिरली. उन्हातून आलेली, आत अंधार. कोपऱ्यात ती दुसरी उभी होती. शालूबाईनं डोळे बारीक केले. लुगडं ओळखीचं होतं. सवत एक वेळ सोसवते, पण आपलंच लुगडं नेसलेली सवत कुणाला सोसवेल?

"माझं लुगडं सोड," ती म्हणाली. समोरून उत्तर नाही. "मुकी हाय का बहिरी?" तरी नाही. शालूबाईनं पुढं होऊन पदर ओढला. आतून तिखटाचा काळाकुट्ट मोगा तिच्याकडं बघत होता.

तिनं मोग्याला बोट लावून पाहिलं. मग तिनं लुगडं आणखी सोडवलं. गाडगं, मडकं, माठ, रांजण. गाडीतून येताना सगळी वाट तिनं रडू दाबून धरलं होतं. ते आता हसू होऊन बाहेर पडलं आणि तिला आवरेना. ती भिंतीला धरून हसायला लागली.

बाहेर नर्मदाबाईनं ते हसणं ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. "दोघींचं जुळलं वाटते," ती म्हणाली.

सगळा उलगडा झाला तेव्हा उकंडराव आत आले. त्यांनी शिंकी पाहिली, विटांवरची बाज पाहिली, उतरंड डोळे भरून पाहिली. लुगडं ओढूनही तिच्यातलं एकही गाडगं हललं नव्हतं. दगडोबाला आता जोर आला. त्यानं सासऱ्याला मापाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि पाळणा कड्यांना अडकवला. तो नेमका बसला. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उतरंड, मध्ये पाळणा. उकंडरावांनीही मान डोलावली.

"काहीही म्हणा, जावईबापूंचं माप बराबर हाय."

आता लेकराला पाळण्यात घालायचं. पण रिकामा पाळणा हलवत नाहीत आणि नव्या पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा निजवतात, ही रीत नर्मदाबाई कशी मोडेल? तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला, हळदकुंकू लावलं, त्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि "जो जो रे बाळा" म्हणत प्रेमानं झोका दिला.

दगडोबानं पाळणा मोजला होता. झोका मोजला नव्हता. सागवान आणि दगडी वरवंटा मिळून जे निघाले ते थेट रांजणावर आदळले. उतरंडीनं आधी मान हलवली, मग कंबर, आणि मग ती अख्खी खाली आली. ज्वारीत तूर मिसळली, तुरीत मीठ मिसळलं, आणि वरच्या मोग्यातलं तिखट सगळ्यांच्या नाकात मिसळलं. उकंडराव शिंकले, नर्मदाबाई शिंकली, दगडोबा शिंकला. शालूबाईनं लेकरू पदरात झाकून बाहेर पळवलं. वरवंटा तेवढा पाळण्यात शांत झोका घेत होता.

धुरळा बसला तेव्हा कोपरा पार मोकळा झाला होता. दगडोबा खापऱ्यांत बसला होता. त्याला सासऱ्याकडं बघवेना. आता गाडी परत फिरणार आणि लेकरू गाडीतून जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

उकंडरावांनी नाक पुसलं, पाळण्याला बोट लावलं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झुलला.

"आता खरी जागा झाली," ते म्हणाले. "पोरगी ठेवून जातो."

लेकरू पाळण्यात निजलं. दगडोबा त्याच्याकडं बघत राहिला. शालूबाई आणि तिची आई ज्वारीतून तूर निवडायला बसल्या. मग दगडोबा उठला, पडद्याशी गेला आणि या अवदसेनंच सगळा घोळ केला म्हणत तो काढायला लागला.

"राहू द्या," शालूबाई मान वर न करता म्हणाली. "मला आवडला."

दगडोबाला धन्य वाटलं. संसारात पहिल्यांदाच त्याची एखादी गोष्ट बायकोला आवडली होती. त्यानं पडदा पुन्हा नीट बसवला, सुरकुत्या हातानं मोडल्या आणि रात्रभर त्या समाधानात झोपला.

सकाळी तो राखुंडी घेऊन पायरीवर बसणार, तोच शालूबाईनं त्याच्यासमोर रिकामी घागर ठेवली.

"हे काय?"

"पाणी आणा. दाराला पडदा हाय. गोषातल्या बाया पाणवठ्यावर जात न्हाईत."

दगडोबानं वाद घालून पाहिला. पण पडदा कुणी टांगला, या एका प्रश्नापाशी तो दर वेळी अडकला. शेवटी घागर खांद्यावर घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं, तो विहिरीवर गेला. रहाटावर जलालुद्दीन होता. त्यानं दगडोबाला पाहिलं, घागर पाहिली, आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

"हसा की," दगडोबा म्हणाला. "रोज मी हसत होतो."

"नव्या माणसाला हसू नये," जलालुद्दीन म्हणाला. "फकस्त घागर गळ्यापर्यंत भरा. हलवली की पाणी सांडते, दाण्यावानी बसत न्हाई."