पोतनिसांची टाळी

पोतनीस कुणाच्याही घरी गेले की आधी टाळी वाजवत. एकच. चपला काढून आत यायचे, बसायच्या आधी टाळी द्यायची, आणि डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ती विरेपर्यंत ऐकायची. मग म्हणायचे, "हां, अब बोलो. काय चाललंय?"

आमच्या हेडक्लार्कच्या वडिलांच्या तेराव्यालाही त्यांनी टाळी वाजवली. गुरुजी दचकले. पोतनीस शांतपणे म्हणाले, "चलने दो गुरुजी. खोली चांगली आहे, मंत्र साफ येतील."

आम्ही एकाच बँकेत होतो आणि फ्रीगंजात शेजारी राहत होतो. त्यांच्या कानांचा मला धाकच वाटे. टावर चौकातून टेम्पो गेला की म्हणत, "येताना पंचमात होता, जाताना मध्यमात उतरला." एकदा मी घरी येऊन पेटीवर ताडून पाहिलं. बरोबर! त्या दिवसापासून त्यांच्यासमोर खोकायलाही मला भीती वाटू लागली.

माणसंही ते कानांनीच जोखत. "मॅनेजरमध्ये नुसता ट्रेबल आहे यार. बेस नाहीच. खालून काही आधार नको का माणसाला?" दोन भांडकुदळ कारकुनांची टेबलं समोरासमोर लावली, तेव्हा म्हणाले, "माइक स्पीकरच्या तोंडाशी धरलात. आता शिट्टी वाजणारच. इसको फीडबॅक कहते हैं."

तेव्हा कॅसेटांचे दिवस होते. गल्लीगल्लीत भजनांच्या कॅसेटा निघत होत्या. पोतनिसांनीही जाहीर केलं की बैठकीच्या खोलीत स्टुडिओ करणार. भैरवगढहून ठशांच्या छापाच्या जाड रजया आणल्या आणि चारी भिंतींवर ठोकल्या. छतसुद्धा सोडलं नाही.

"वहिनी, हे घर आहे की गादीवाल्याचं दुकान?" आम्ही विचारायचो. सुमनवहिनी नुसत्या हसायच्या. भजनी मंडळातला त्यांचा गळा अख्ख्या फ्रीगंजात नावाजलेला होता. पण अलीकडे 'घसा बसतो' म्हणून त्यांनी जाणं सोडलं होतं.

रजया लागल्या, पण माइक काही आला नाही, टेप आला नाही.

"साहेब, कॅसेट कधी?"

"पहिले कमरा. कमरा बिगडला की मास्टर कॅसेट बिगडली, आणि मास्टर बिगडली की मग कितीही कॉप्या काढा."

पुढे मी नानाखेड्याला घर बांधलं. संगमरवरी फरशी, काचेचं शोकेस, भिंतींना चकचकीत ऑइलपेंट. वास्तुशांतीला पोतनीस जोडप्यानं आले. त्यांनी टाळी वाजवली. ती जिन्यापर्यंत गेली, वर फिरून आली आणि बराच वेळ आमच्यातच घुटमळत राहिली.

मी वहिनींना विचारलं, "चहा घेणार ना?"

"हो, फारच छान झालंय," त्या म्हणाल्या.

पोतनिसांनी हातातला प्रसाद तसाच धरला. "घर फार बोलतं हो तुमचं," म्हणाले आणि बायकोला घेऊन निघाले. पुन्हा आले नाहीत.

ते माझ्या संगमरवरावर जळले, असं मी ठरवून टाकलं. डब्याच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करू लागलो: डोळे मिटणं, वाकडी मान, टाळी. सगळे पोट धरून हसायचे. एकदा ते मागेच उभे होते. म्हणाले, "जरा खर्जात वाजवा. माझे हात जाड आहेत." आणि डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसले.

मुलीच्या साखरपुड्याचं बोलावणं करायला मला त्यांच्या घरी जावंच लागलं. बैठकीत वहिनी पाठमोऱ्या बसून वाटाणे सोलत होत्या. मी हळूच म्हणालो, "येऊ का?"

"या ना भाऊ," त्या न वळताच म्हणाल्या. "तुमचा आवाज ओळखला मी."

त्या रजयांच्या खोलीत आम्ही तासभर बोललो. एकही शब्द मला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही, आणि मला माझ्या घरातला तो चहा आठवला.

पोतनीस फाटकापर्यंत सोडायला आले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "समझ गये ना? कान जात चाललेत तिचे. खोली घुमली की तिच्यासाठी सगळे शब्द एकमेकांत कालवले जातात. इथे सुटे येतात."

"डॉक्टरला दाखवलं?"

"तिला वाटतं, मला माहीतच नाही. गाणं ऐकून पसंत केलं होतं मी तिला. म्हणून लपवते. लपवू दे. आपण स्टुडिओ बांधतोय."

मला वर बघवेना. ज्या टाळीची मी नक्कल करत होतो, त्याच टाळीनं हा माणूस घराघरातून बायकोसाठी बसायची जागा शोधत फिरत होता. माफी मी कधीच मागितली नाही, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी भैरवगढला गेलो. संगमरवरावर सतरंज्या आल्या, शोकेसवर पडदा, भिंतींवर रजया. "डोकं फिरलंय का हो?" बायकोनं विचारलं. मी म्हटलं, थंडी वाजते. मे महिना होता.

साखरपुड्याला पोतनीस दारात थबकले. त्यांनी टाळी वाजवली. ती वाजली आणि तिथेच निजली. माझ्याकडे न बघता त्यांनी वहिनींसाठी खुर्ची ओढली.

माझी बायको मागून आली. "वहिनी, चहा की सरबत?"

"सरबत. पण साखर कमी हं," वहिनी म्हणाल्या.

पोतनिसांनी डोळे मिटले होते. मान किंचित वाकडी. ते शब्द पुरते विरेपर्यंत ते ऐकत राहिले.