कावळेमुक्त कॉलनी

जळगावच्या सुयोग कॉलनीत उन्हाळा लागला की दोन पक्ष पडतात. एक, गच्चीवर बिबडे-पापड वाळत घालणाऱ्या बाया. दुसरा, ते चोचीने तपासून बघणारे कावळे. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या शिव्याशापांवर भागत होता. मग कुंदनने त्यात विज्ञान घातलं.

कुंदन विमा कचेरीत कारकून, पण जीव सगळा त्या खिशात मावणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये. बिस्किटाएवढी एक हिरवी पाटी, तिला दहा ठिकाणी वायरी. तिच्या जोरावर त्याने आधी तुळशीला पाणी कधी घालायचं ते सांगणारं यंत्र केलं होतं. यंत्र अजून सांगतंय, तुळस केव्हाच गेली.

"तुनी ती डबी कावया हाकलस का?" त्याच्या आईने, भिकुबाईने विचारलं. "नही ते कसाले घरमा पसारा?"

लागलं ना बेट्याला. त्याने डबीला कॅमेरा जोडला, कावळा ओळखायला शिकवलं आणि हाकलण्यासाठी आईचाच आवाज भरला. कावळा कठड्यावर टेकला रे टेकला की गच्ची गरजायची, "ऊठ, मुडद्या! आयतं खावाले ऊना का?" कावळे असे उडाले की परत फिरकले नाहीत. ते शेजारच्या गच्चीवर जाऊन बसले.

शेजारची गच्ची प्रेमराज नानांची. नाना निवृत्त अधिकारी, त्यामुळे त्यांनी भांडण केलं नाही, समिती केली. काकनिवारण समितीच्या पहिल्याच बैठकीत ठराव झाला, की सदर डबी ही सार्वजनिक हिताची वस्तू असल्याने ती कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर बसवावी, सर्व गच्च्यांवर कर्णे लावावेत आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय ती कुणीही बंद करू नये. कुंदनचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. डबीला लोखंडी पेटी आणि पेटीला कुलूप मिळालं. कॉलनी कावळेमुक्त जाहीर झाली आणि टाळ्या पडल्या.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आता आखाजीला खानदेशात काय असतं ते सांगायला नको. पितर घरी जेवायला येतात. मांडे, आमरस, कुरडया, भजी, सगळं आधी त्यांचं. निखाऱ्यावर त्यांच्या नावाची आगारी टाकायची, घास गच्चीवर ठेवायचा. कावळा शिवला की घरच्यांनी बसायचं. त्यात कुंदनचे वडील, जन्मभर कालव्यावर सरकारी नोकरी केलेले झुलाल आबा, गेल्या पावसाळ्यात गेलेले. त्यांची ही पहिली आखाजी. भिकुबाईने पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

घास ठेवला. वाट पाहिली. चिटपाखरू नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठून तरी एक म्हातारा, पंख झडलेला कावळा टाकीवरून घिरट्या घालत आला. भिकुबाईने डोळे पुसले, पदर सावरला, हात जोडले.

"ऊठ, मुडद्या! आयतं खावाले ऊना का?" भिकुबाईच्याच आवाजात सगळे कर्णे एकदम ओरडले.

कावळा थेट नशिराबादच्या दिशेने गेला. भिकुबाई मटकन खाली बसली. "पहिलाच सणले मी त्यासले हाकली दिनं," एवढंच म्हणाली. कुंदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या पुष्पाबाई धीर द्यायला म्हणाल्या, "आवाज ओळखला असेल हो त्यांनी. म्हणूनच पटकन गेले."

कुंदन पळत नानांकडे गेला. "नाना, डबी बंद करा."

"बंद करता येत नाही. ठराव आहे."

"मग सभा बोलवा."

"सणाच्या दिवशी कोरम होत नाही." नानांच्या पोटातही कावळेच ओरडत होते, त्यांच्याही घासाला कुणी शिवलं नव्हतं. "बंद करण्यापेक्षा दुरुस्ती कर. दुरुस्तीला मंजुरी लागत नाही. आज डबीने ओरडायचं नाही. कावळा शिवला की सगळ्यांच्या मोबाइलवर कळवायचं."

कुंदनने लॅपटॉप उघडून तसं केलं. डबी गप्प झाली, पण कावळ्यांना कोण सांगणार? आमरस काळा पडू लागला. घरोघरची माणसं मोबाइल हातात धरून ताटांकडे बघत बसली. नानांचा फोन आला. "कावळाच पाहिजे असं नाही. कोणताही पक्षी आला तरी शिवला असं धर."

कुंदनने पक्षी धरला. पक्षी आला नाही.

पुन्हा फोन. "अरे, पितर कोणत्या रूपात येतील हे आपण कोण ठरवणार? काही हललं तरी धर."

कुंदनने खाली मान घालून तेही केलं. वाऱ्याने पुष्पाबाईंचा टॉवेल हलला. लगेच घरोघर मोबाइल वाजले, "घास शिवला. पितर संतुष्ट. कृपया जेवून घ्यावे." दारोदार ताटं वाजू लागली. नानांनी मांडा मोडला, तेव्हा कुठे कॉलनीत समाधानाचं वातावरण पसरलं.

भिकुबाई मात्र गच्चीवरच. घास जसाच्या तसा, वर दोन मुंग्या.

"आई, मेसेज आला," कुंदन पुटपुटला. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती त्याची.

"मेसेज ऊना म्हंजे त्या जेवनात का?"

कुंदनने मोबाइल खिशात घातला. डोळे भरून आले त्याचे. भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऱ्हाऊ दे. बठ्ठी नोकरी कालवाना कामवर गई त्यासनी. पाणी वावरमा कधी पोचनं नही, कागदवर रोज पोचे. त्यासले मेसेज पुरस. चाल, जेवाले बस."

पुढे ही दुरुस्ती इतकी सोयीची ठरली की यावल-जामनेरपासून धुळ्यापर्यंतच्या कॉलन्यांनी डब्या मागवल्या. नाना आता त्या सर्वांचे अध्यक्ष आहेत. यंदा तुमच्याही मोबाइलवर मेसेज आला असेल. खरं सांगा, गच्चीवर जाऊन पाहिलंत, की आधी हात धुतलेत?