अर्ल नदीपाशी थांबलाय

सोनवणेकाकांसमोर कशाचीही तक्रार करू नये. आमचं छप्पर गळतंय असं मी एकदा बोलून गेलो. काका म्हणाले, "आमच्या अर्लच्या किल्ल्याला एका बाजूनं छप्परच नव्हतं. आणि स्कॉटलंडचा पाऊस म्हणजे..." पुढचा पाऊण तास मी मध्ययुगात भिजत होतो.

काका नाशिकच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन इथे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलाकडे राहायला आले. त्यांचा मुलगा अमित माझा शेजारी. अर्ल मात्र लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातला, शेकडो वर्षांपूर्वीचा बेताचा सरदार. "अगदी आपल्यासारखाच," काका सांगतात, "दोन किल्ले, ढीगभर भाऊबंद आणि एकाशी धड पटत नाही." लढाईत राजा पकडला गेला, तेव्हा खंडणी फिटेपर्यंत या अर्लला इंग्लंडमध्ये ओलीस ठेवलं. जेवणखाण उत्तम, शिकारीला ससाणासुद्धा दिलेला. फक्त घरी जायचं नाही.

पार्कातल्या बार्बेक्यूला काकांनी "आवर अर्ल" म्हणून सुरुवात केली, की अमित कांदे परतता परतता पुटपुटतो, "बाबा, नॉट अगेन." पलीकडचा ग्रेग "नो वरीज, मेट" म्हणत ऐकून घेतो. अर्ल हे काकांचे मेहुणे आहेत अशी त्याची बरेच दिवस समजूत होती.

गंमत म्हणजे ही गोष्ट कधीच संपत नाही. अर्लची सुटका होते, तो उत्तरेकडे निघतो, सरहद्दीवरच्या नदीपाशी येतो, आणि काका चहा टाकायला उठतात. "पुढे?" विचारलं तर म्हणतात, "आहे अजून."

एका दुपारी काका पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात उभे राहिले. लायब्ररीचा मेसेज आला होता. पुस्तक दुसऱ्या कुणीतरी रिझर्व्ह केलं होतं, त्यामुळे आता मुदत वाढवून मिळणार नव्हती.

"या गावात अर्ल कुणाला हवाय?" त्यांनी माझ्याकडेही संशयानं पाहिलं.

"मग शेवट आत्ताच वाचून टाका ना," मी गाडी काढत म्हणालो.

काका गाडीत बसले, पण पुस्तक उघडेनात. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये आल्यावर हळूच म्हणाले, "तुझी काकू आजारी होती ना, तेव्हा मी तिला रोज यातलं मराठी करून वाचून दाखवायचो. चित्र बघून तिनंच निवडलेलं. नदीपाशी आलो तर म्हणाली, अहो, आज इथेच थांबवा, तो घरी पोचलेला उद्या ऐकते." त्यांनी सीटबेल्ट सोडला, पण उतरले नाहीत. "तो उद्या आलाच नाही. आता तिच्याशिवाय मी त्याला घरी कसा नेऊ?"

पुस्तक त्यांनी काउंटरवर स्वतःच ठेवलं. येताना रस्ताभर अर्लचा एक शब्द नाही.

पुढच्या शनिवारी काकांचा डबा परत द्यायला गेलो, तर मागच्या अंगणात अमित बसलेला आणि त्याच्या मांडीवर तेच जाडजूड पुस्तक. काका दारातच थबकले होते.

"मीच रिझर्व्ह केलं होतं, बाबा," अमित म्हणाला. "तेव्हा मी शिफ्टवरून यायचो, तर आतून तुमचा आवाज यायचा आणि आई हसायची. आय जस्ट वॉन्टेड टू नो, ती कशाला हसायची." त्यानं पान दाखवलं. "नदीपर्यंत आलोय."

मला वाटलं, काका आता चिडणार. त्यांनी खुर्ची ओढली. मग आणखी एक ओढून मधे ठेवली. मी बसायला गेलो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. मी पायरीवर टेकलो.

"मोठ्यानं वाच," काका म्हणाले. "मराठीत."

अमित अडखळत सुरू झाला. "अर्लनं... घोडा पाण्यात घातला. पाणी... म्हणजे, फार... बाबा, शॅलोला काय म्हणायचं?"

एरवी काकांनी शब्द तर सांगितलाच असता, वर नाशिकच्या धरणाची माहितीही दिली असती.

"तू वाच," ते रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "तिला कळतंय."