हिरवा खण आणि माझ्या भाकरी

महिन्यातले चार दिवस माझी बायको सत्यभामा बाजूला बसते आणि भाकरी मी थापतो. (त्या आमचा बैलसुद्धा हुंगून सोडतो.) भालकीच्या कचेरीत मी अहलकार, म्हणजे कारकून; तारखा लक्षात ठेवणं हीच माझी नोकरी. एके दिवशी ध्यानात आलं, तीन महिने माझ्या बोटांना चटका बसलेला नाही!

आधी आनंद झाला. मग बोटांवर महिने मोजले. बायको सेहेचाळीस वर्षांची. उदगीरला दिलेली लेक सातव्या महिन्यात, आणि इथे आईच...! व्याह्यांना काय तोंड दाखवू? पण खरी भीती वेगळीच होती. मागच्या बाळंतपणात सत्यभामा मरता मरता वाचली होती.

लक्षणंही जुळत होती. पौषाच्या थंडीत तिला घाम फुटे, मधेच रडू येई, आणि मी नुसता खोकलो तरी ती खवळे. सरळ विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून ठरवलं, तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरचोळी देतात तशी द्यावी, म्हणजे विषय आपोआप निघेल. (ती सासूनं द्यायची असते, पण आई आता नाही.) हिरवा खण आणून तिच्यापुढे ठेवला.

"ह्ये कुणाला?"

"तुलाच. चोरचोळी."

"कामून?"

"तिसरा महिना न्हवं का?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग शेजारच्या सुईणीला हाक मारली, "मल्लम्माक्का, हिकडं या! ह्यांला कायतरी झालंय!"

मल्लम्मा आली, सगळं ऐकलं आणि हसत खालीच बसली.

"अण्णा, पाळणा नगं, वारा घालाया विंझणा आणा. पाळी जायच्या वयात असंच व्हतंय. दोन-तीन महिने दडी मारती, फिरून येती. अंगाची आग व्हती, डोस्कं फिरतंय. समदं बंद व्हईस्तवर चालायचंच."

"म्हंजी जिवाला धोका न्हाई?"

"हिच्या न्हाई. तुमच्या असंल."

माझे डोळे भरून आले. सत्यभामानं ते पाहिलं आणि तोंड फिरवून खण ट्रंकेत ठेवला. "लेकीला व्हईल," म्हणाली.

आठवड्यानं मी कचेरीतून शीळ घालत आलो, तर ती ओसरीच्या कोपऱ्यात वेगळ्या घोंगडीवर बसलेली. (मल्लम्माच्या लिंगायत घरात हे बाजूला बसणं नाही. तिचा नवरा नशीबवान.) मी मुकाट्यानं परात ओढली. धुरानं डोळे लाल झाले, पीठ कोपरापर्यंत चढलं. अखेर भाकर लांबूनच तिच्या ताटात टाकली.

तिनं घास तोंडात घेतला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, "मागल्या बाळंतपणात बी येवढे हाल झाले न्हवते, बगा."