कामिनीचं विनंतीपत्र

एरंडोलजवळच्या एका दत्तक गावी विद्यापीठाच्या स्वयंसेवकांचं सात दिवसांचं शिबिर भरलं. उद्दिष्टं दोन होती: किशोरवयीनांना भाषिक कौशल्यं देणं आणि त्यांना अमली पदार्थांपासून दूर ठेवणं. वेळ वाचावा म्हणून कार्यक्रमाधिकारी प्रा. बन्सीलाल यांनी दोन्ही तास एकत्र केले. मुलांनी अमली पदार्थांची नावं शुद्ध उच्चारात म्हणायची. पूर्वचाचणीत मुलांना तीनच पदार्थ माहीत निघाले. तिसऱ्या दिवशी अकरा झाले. प्रगती तक्त्यावर चढली.

नववीतल्या कामिनीला एक पदार्थ आधीपासूनच माहीत होता. तिचा मोठा भाऊ कुंदन पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगायचा. चार महिने तो कुणाचं ऐकत नव्हता. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वतःच मदत मागत म्हणाला, "हाई सुटस नही. माले कोठे तरी लई चाल."

तास संपायच्या आत तिने हात वर केला. "ताई, मना भाऊले कोठे लई जाऊ? आज तो तयार शे."

शिकवणारी चारुलता द्वितीय वर्षाला होती, मनाने चांगली. तिचे डोळे भरून आले. मग तिने वेळापत्रक पाहिलं.

"शंकासमाधान आता शेवटच्या दिवशी आहे गं. पण उद्या विनंतीपत्राचा तास आहे, त्यात लिही. लेखी आलं की सरांकडे पाठवता येतं."

"उद्यापावत तो तयार राही का?"

"म्हणूनच मुद्देसूद लिही."

कामिनीने सगळं लिहिलं. रुमाल कोठीमागे लपवतो, जेवताना हात थरथरतो, झोपेत रडतो. शेवटी लिहिलं, 'कृपया आजच कळवावे.'

पत्र परत आलं ते दहापैकी साडेनऊ गुण घेऊन. शेरा होता: 'विषय कल्पकतेने निवडला आहे. तातडी मात्र अतिशयोक्त वाटते.' अर्धा गुण तिथे गेला होता.

"ताई, हाई कल्पना नही."

"मला माहितेय गं," चारुलता हळू आवाजात म्हणाली. "पण तासाची सगळी पत्रं शिबिराच्या पत्रलेखन स्पर्धेत धरली आणि तुझं पहिलं आलं. आता ते समुपदेशनाकडे वळवायचं तर निकाल रद्द करावा लागेल, असं सर म्हणाले. समारोपाला मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढे वाचू. ते काहीतरी करतीलच."

पाहुणे काहीतरी करतील असं सांगून कामिनीने कुंदनला दोन दिवस थोपवून धरलं. समारोपाला तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला.

चारुलताने पत्र माइकवर वाचलं, नावासकट, रुमालासकट. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. पाहुणे म्हणाले, "असं लिहिणारी लेकरं आहेत तोवर व्यसन या गावात पाऊल ठेवणार नाही." टाळ्या थांबेनात. मग ठिकाण आणि वेळ उमटणारा सामूहिक फोटो निघाला. त्यात तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी दिसते.

"बठ्ठा गावले सांगं ना तू?" गावभर नाव झालेला कुंदन घरी एवढंच बोलला. "आते मी कोठेच येणार नही."

पत्राचा फोटो मोबाइलवरून पिंप्राळ्यापासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत फिरला. आईचा फोन घेऊन कामिनीने जमेल त्या ग्रुपवर एकच ओळ टाकली, 'भावाला कुठे नेऊ?' उत्तरं भराभर आली. 'हृदयस्पर्शी.' 'लिहीत राहा बाळा.'

तुमच्याकडेही ते आलं होतं. आवडलंही असावं. त्याखालचा एक अंगठा तुमचाच आहे.