मागच्या सीटचं भजन

इंगळेकाकांच्या घरी गाणं ऐकायचं असलं, की आधी गाडी सुरू करावी लागते. बैठकीत गाडी नाही, पण किल्ली आहे. टीव्हीच्या कपाटाला काकांनी गाडीच्या स्टार्टरचं कुलूप बसवलंय. त्यात किल्ली घालून फिरवली, की शेजारी प्लायवूडमध्ये ठोकलेल्या गाडीच्या स्टिरिओला निळा उजेड येतो, शोकेसमधल्या कपबश्या थरथरायला लागतात आणि काका आपल्याला म्हणतात, "बसा. सुटली गाडी."

खरी गाडी केव्हाच सुटून गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली. तो व्यवहार आमच्या कॉलनीत फार गाजला. काका म्हणाले, गाडी खुशाल न्या, पण स्टिरिओ, चार स्पीकर, ॲम्प्लिफायर, डिक्कीतला बासचा डबा आणि मागची सीट मिळणार नाही. व्यापाऱ्याला मागे संत्र्याचे क्रेट ठेवायचे होते. सीट काढायचा त्याचा ताप वाचला. आपण समोरच्याला गुंडाळलं, या आनंदात दोघांनी एकमेकांना आग्रह करकरून चहा पाजला. पुढे अकोल्याच्या भंगारबाजारातून काकांनी समोरच्या दोन सीटाही पैदा केल्या आणि अमरावतीच्या एका सरळमार्गी कॉलनीतल्या एका सरळमार्गी बैठकीची गाडी झाली.

समोर काच हवी म्हणून खिडकी. खिडकीकडे तोंड करून दोन सीटा, त्यांच्या मागे भिंतीला टेकून लांब सीट. मागच्या फळीवर परातीएवढे दोन लांबोळके स्पीकर आणि खिडकीच्या दोन बाजूंना दोन लहान. मी काकांचा शेजारी, त्यामुळे खिडकीतून आमची पाण्याची टाकी दिसते. काकांचा सगळा प्रवास आमच्या टाकीकडे तोंड करून चालतो. ती टाकी काही जवळ येत नाही आणि मागेही पडत नाही.

तुम्ही विचाराल, घरात प्लग असताना स्टिरिओला स्टुलाखालची ही ट्रॅक्टरची बॅटरी कशाला? मीही एकदा विचारलं होतं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "घरच्या करंटात भेसळ असते बाप्पा. पंखा त्याच्यावर, मिक्सर त्याच्यावर, आनि गानंही त्याच्यावरच? बॅटरीचा करंट म्हंजे गावरान दूध." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस विजेवर इतक्या अधिकाराने बोलतो, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. आमच्या कॉलनीत प्रत्येक निवृत्त माणूस आपलं खातं सोडून इतर सगळ्या खात्यांवर अधिकाराने बोलतो.

लाईन गेली की काकांचा सण. सगळी कॉलनी हातपंखे, वर्तमानपत्रं, पुठ्ठे घेऊन पायऱ्यांवर येऊन बसते आणि फक्त काकांच्या घरातून खंजिरी भजन कडकडत असतं. मग काका मुद्दाम फाटकाशी येऊन विचारतात, "काय झालं? लाईन गेली का? आमाले तर समजलंच नाई."

समोरच्या प्राध्यापकांनी गेल्या वर्षी भिंतीवर टांगायची लांब पट्टीसारखी नवी म्युझिक सिस्टीम आणली आणि ती ऐकायला सगळ्यांना बोलावलं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "याच्यात समोरचं-मांगचं कुठून करता?" प्राध्यापक अभिमानाने म्हणाले, यात तसं नाही, आवाज चारी बाजूंनी सारखा येतो. "मंग काय कामाचं?" असं म्हणून काका उठले. प्राध्यापकांनी त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी संबंध ठेवला नाही.

आणि गंमत अशी, की काकांच्या स्वतःच्या बैठकीत चारांपैकी दोनच स्पीकर वाजायचे. ते मागचे. गाडीच्या स्टिरिओत आवाज पुढे किंवा मागे ढकलायची सोय असते. काकांनी तो कायमचा मागे ढकललेला. मागच्या सीटवर त्यांची आई बसते. आम्ही सगळे तिला आजी म्हणतो. नव्वदी गाठलेली, नाकीडोळी नीटस, टाळ्या वाजवत भजन ऐकणारी म्हातारी. आवाज कितीही असो, तिचं आपलं एकच: "वाढव रे!" काका वाढवतात. कॉलनीने ठरवून टाकलं आहे, की म्हातारी ठार बहिरी आणि मुलगा अर्धा बह्याड, म्हणजे खुळा.

"काका, पुढचे स्पीकर बंद आहेत," असं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बंद नाईत. सुट्टीवर हायेत."

आता काकूंबद्दल. शांताकाकू सासूसमोर नवऱ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. बार्शीटाकळीच्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हाची. पुढे नोकरीपायी अमरावती झाली, चुलीचा गॅस झाला, काकूंच्या हातात मोबाईल आला, त्यावर त्या बहिणीला पुरणपोळीचे फोटो पाठवायला लागल्या, पण रीत जागची हलली नाही. मी गेलो की काकू दारातून म्हणतात, "भाऊ, त्याइले विचारा, चहा घेता का." 'ते' माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असतात. मी मान वळवून विचारतो, "काका, चहा?" काका मला सांगतात, "म्हना, साखर कमी." मी मान पुन्हा वळवतो. त्या घरात मी पाहुणा कमी आणि पोस्टमन जास्त. निरोप न्यायला कोणी नसेल, तर काकू दाराच्या चौकटीला सांगतात, "चहा झाला म्हना." मध्यंतरी आजी न्हाणीत पडल्या. तेव्हापासून काकू झोपायलाही त्यांच्याच खोलीत असतात.

गेल्या महिन्यात काकांच्या मुलाचा, प्रशांतचा, पुण्याहून मला फोन आला. "दादा, तुम्ही समजवा ना बाबांना. घर आहे की गॅरेज? मी येतोय, नवीन सिस्टीम घेऊन. ते सगळं भंगार काढून टाकू." मलाही भिंतीपलीकडून रोज भजन ऐकून पुण्य नकोसं झालं होतं. मी लगेच गेलो.

संध्याकाळ होती. मागे आजी, भजन भरात. काकू वाण्याकडे गेल्या होत्या. काकांनी आपल्या डावीकडच्या सीटवर हात थोपटला. "या, समोर बसा." त्या सीटवर मी कधीच बसलो नव्हतो. बसलो आणि चकित झालो. भजन एकदम मागे राहिलं. तिथे आवाज होता, पण तो पाठीमागच्या गावाचा होता. आमच्या दोघांपुरती मात्र शांतता होती. मी हळूच म्हणालो, "काका, प्रशांतचा फोन होता," आणि काकांना शब्द न् शब्द ऐकू गेला.

टाकीकडे पाहत ते म्हणाले, "आमी दर शनिवारी वावरात जाचो, बार्शीटाकळीले. आईचे गुडघे धरलेले, तिले मांगची सीट लागे. मंग हिले समोर बसाच लागे. मांगं भजन लावलं, का समोर आमी मोकये. बडनेरा गेलं का हे सुरू होये, ते अकोल्याशिवाय थांबे नाई. पोरीचं बायतपन, शेजारनीचं भांडन, मले कशापायी किती शिव्या भेटल्या पायजे, सारं. मी नुसता हो-हो. गाडी विकली आनि थे चूप झाली, बाप्पा. एकाच घरात. मले करमेचना. मंग म्हनलं, गाडी घरातच आनू. आता मांगं भजन लागलं, का थे या सीटवर येऊन बसते आनि बोलते."

मी समजवायला गेलो होतो. बॅटरीत पाणी टाकून परत आलो.

प्रशांत रविवारी सकाळी आला, हातात मोठं खोकं. आत येताच त्याने पिशवीतून पेचकस काढला. "बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. याचा आवाज ऐका, मग बोला. तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा, यात सगळं आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या आईकडे. त्यांना काय पाहिजे ते त्या माऊलीसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. बोलता आलं असतं, तर हा सगळा खटाटोप लागलाच नसता. कॉलनीला शुद्ध करंटावर व्याख्यानं देणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी काकांनी स्वतःच किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली.

"काढ," ते म्हणाले.

किल्ली निघाली तसं भजन शब्दाच्या मध्येच बंद पडलं होतं. प्रशांतने स्टिरिओमागची एक वायर ओढली.

"हात नको लाऊ थ्याले," मागून आजी म्हणाल्या.

"आजी, याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे. तुला छान ऐकू येईल."

"मले काय कराचा मोठा आवाज? मले मुंगी चालली तरी आयकू येते." आजी पदर सावरून सरळ बसल्या. "तुही माय या घरात आली, तवा म्याच सांगतलं होतं, माह्यासमोर नवऱ्यासंग बोलाचं नाई. माह्या सासूनं मले सांगतलं, म्या तिले सांगतलं. थे बिचारी अजून रीत पायते. आता या वयात कोन्या तोंडानं म्हनू, बोल बाई म्हून? मंग मी म्हनतो, वाढव. हा वाढवते, थे बोलते. काय बोलते ते आयकू नाई येत, पर बोलते हे समजते मले. तेवढं राहू दे, बाबू."

प्रशांत हातात वायर धरून तसाच ओणवा राहिला. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

काकू दारात आल्या होत्या. हात कणकेचे. सवयीने त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने मी मान वळवायच्या तयारीला लागलो. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली. भजन नसलेल्या त्या बैठकीत, सासूच्या समोर, त्या म्हणाल्या, "अवो, चहा ठेवू का?"

काकांनी वळून आधी आईकडे पाहिलं. आजींनी मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं होतं.

"थांब," काका म्हणाले. "मीच येतो तिकडे." आणि आईच्या पुढून चालत ते स्वयंपाकघरात गेले.

प्रशांत आणि मी समोरच्या दोन सीटांवर जाऊन बसलो. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. काका साखर कुठे ठेवली आहे असं विचारत होते आणि काकू सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना झापत होत्या, की एवढा जनम या घरात गेला आणि साखरेचा डबा माईत नाई, म्हंजे कमाल झाली. काका हो-हो म्हणत होते.

मी मागे वळून पाहिलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या.